वर कोट, खाली लुंगी

सकाळी सहाला आमच्या घरात कॉम्प्युटर बोलायचा. बायकोच्या आवाजात. "उठा. आधी गोळी, मग चहा. गोळी डब्यात आहे, डबा असतो तिथंच आहे." मग कुकरची एक शिट्टी. मग दारातल्या फुलवालीला ती आतून ओरडते, "सरी सरी, बंदे." कानडीत, येते म्हणून. संपलं. चहा गाळायला लागतो तेवढाच वेळ सगळा.

हे तिनं पहिल्यांदा दवाखान्यात जायच्या आधी करून ठेवलं होतं. मी रक्तदाबाची गोळी विसरतो. म्हणजे विसरत नाही, टाळतो. ती म्हणाली, "मी नसले की तुम्ही गोळी तुळशीच्या कुंडीत टाकाल." टाकलीही असती. म्हणून तिनं ते बोलून ठेवलं आणि रोज सहाला वाजेल असं लावून दिलं. दहा दिवसांनी घरी आली, तरी बंद केलं नाही. ती मोरीत उभी राहून दात घासायची आणि तिचाच आवाज मला उठवायचा. दुसऱ्यांदा गेली ती परत आली नाही. आवाज मात्र दुसऱ्या दिवशी सहाला वेळेवर.

मी शिंपी. बेंगळुरातल्या शिवाजीनगरात एका दुकानात पन्नास वर्षं वर्दीचे कपडे शिवले. शाळा सातवीपर्यंत, तीही मास्तर कंटाळले म्हणून. आमचे लोक इथं कधी आले ते कुणालाच ठाऊक नाही, आमची मराठी ऐकून पुण्याची माणसं हसतात, हसू देत. बायको माझ्यापेक्षा शिकलेली. दहावी आणि वर टायपिंग. जयनगरात लग्नपत्रिका छापायच्या दुकानात ती बसायची, कानडी, मराठी, इंग्रजी तिन्हीत पत्रिका जुळवायची. दुकान बंद झालं तेव्हा मालकानं तिला जुना कॉम्प्युटर देऊन टाकला. तो इतका रेंगाळायचा की खिडकी उघडेपर्यंत भाजी शिजावी. तिनं एक पुस्तिका आणली, दोन दिवस जेवायला वाढलं नाही, आणि विंडोज काढून त्यात लिनक्स घातलं. यंत्र पळायला लागलं. मी म्हटलं, "माझ्यात पण घाल." ती म्हणाली, "तुमच्यात जागा नाही."

यंत्र जागं केलं की पडद्यावर दोन नावं यायची. वर तिचं, खाली माझं. दोघांची दोन खाती. माझ्या खात्यात मी बातम्या आणि कुस्त्या बघायचो. तिच्या खात्यात काय होतं ते मी कधी विचारलं नाही. आणि या दोघांच्या वर एक तिसरं खातं, त्याला रूट म्हणतात. ते पडद्यावर दिसत नाही. ते घराच्या मालकासारखं, काहीही पाडू शकतं, काहीही बांधू शकतं. त्याचा पासवर्ड तिच्या वहीत शेवटच्या पानावर.

ती गेल्यावर माझी थोरली बहीण, अक्का, तेरा दिवस राहायला आली. पहिल्याच सकाळी सहाला आवाज आला आणि अक्काच्या हातातला लोटा पडला. त्याला अजून पोचा आहे.

"अय्यो! कोण बोललं रे?"

"कॉम्प्युटर."

"तिच्या तोंडानं?"

"मग काय माझ्या?"

"गेलेल्या माणसाला असं रोज बोलावू नये. पाय अडकतो तिचा."

"मी कुठं बोलावतो? ती मला बोलावते."

"दोन्ही एकच," अक्का म्हणाली, आणि कानात बोटं घालून न्हाणीत गेली.

आमच्यात तेरावं झालं की गेलेल्या बाईच्या वस्तू बाहेर जातात. साड्या, चपला, अंथरूण, कंगवासुद्धा. अक्कानं सगळं वाटलं. मी शिवलेले ब्लाऊज गेले, ज्यांच्या काखा मी तिच्याशी भांडून भांडून तीनदा उसवल्या होत्या. रीत आहे. संध्याकाळी यंत्र जागं केलं तर वर तिचं नाव. सगळं गेलं आणि हे नाव तिथं बसलेलं, बोट लावलं की उघडेन म्हणतंय. माझ्या डोळ्यांत ते कुसळासारखं खुपलं.

वरच्या मजल्यावर आमचा भाडेकरू राहतो, नागपूरचा, पंचेचाळिशीचा, घरी बसूनच कंपनीचं काम करतो. मी त्याला नागपूरच म्हणतो. त्याला खाली बोलावलं.

"हे नाव काढून टाक."

"पुरं खातंच काढू का? अण्णा, स्वल्प विचार करा." स्वल्प म्हणजे जरा, आमचा एक शब्द उचलला होता त्यानं, तो कुठंही टाकायचा.

"विचारबिचार नको. काढ."

त्यानं वहीतला पासवर्ड घेतला. काळी खिडकी उघडली, दोन इंग्रजी अक्षरं मारली, एस आणि यू. मी मागं उभा, चष्मा लावून बघत होतो. अजून काहीतरी मारलं. "गेलं. फाइली ठेवल्या आहेत हो मी, खातं तेवढं गेलं." मी बरं म्हटलं. फरक काय ते मला कळलं नाही, आणि न कळलेलं विचारायची मला सवय नाही.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले. सव्वासहा झाले. मला वाटलं यंत्र झोपलंय. कळफलकावर थाप मारली. पडदा उजळला, माझं एकट्याचं नाव.

नागपूरला विचारलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. आवाज तिच्या खात्यातून निघायचा. सहाची वेळ तिनं स्वतःच्या नावावर लावलेली. खातं गेलं तशी वेळही पुसली गेली. "मला कुठं ठाऊक होतं अण्णा, ते रोज बोलून राहिलं होतं म्हणून? मी तर नऊला उठतो!" त्याची चूक नव्हती. मी त्याला तरीही शिव्या दिल्या. तो म्हणाला, परवा बसून नीट करू. त्याच रात्री त्याची आई नागपुरात जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तो पहाटेच्या विमानानं गेला.

मग माझं बसणं गेलं. अक्का आपल्या घरी गेली होती. मी चारला उठायचो आणि सहाची वाट बघायचो, नाही येणार हे ठाऊक असून. सहा झाले की चप्पल घालायची. बनशंकरीच्या देवळापर्यंत जायचं, आत जायचं नाही, परत फिरायचं. एकदा बस पकडून शिवाजीनगरला गेलो, उतरलो, तीच बस परत निघत होती तिच्यात बसलो. कंडक्टर म्हणाला, "काय अज्जा, काही विसरलात?" मी म्हटलं, "तिकीट दे." गोळी घेतली नाही. डबा असतो तिथंच होता. कुणी घ्या म्हटलं नाही, मी घेतली नाही. पंधरा दिवस. पायऱ्या चढताना भिंत हलायला लागली तेव्हा मला कळलं की हे असं चाललं तर मीही लवकर जाईन, आणि खरं सांगतो, ते मला तेवढं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की तिनं एवढं करून ठेवलं आणि मी माझ्या तोंडानं ते काढ म्हणालो.

नागपूरला फोन लावला. तो दवाखान्यात होता. घाईत म्हणाला, "फाइली आहेत अण्णा, आवाज आहे, ताईंचं खातं परत बनवायचं फक्त. आधी रूट व्हा. मग ऍडयूजर. नंबर मात्र जुनाच द्या, एक हजार. यंत्र नावाला नाही ओळखत, नंबराला ओळखतं. डॉक्टर आले, ठेवतो."

दुपारी बसलो. काळी खिडकी उघडली. एस, यू. पासवर्ड. तो मारताना पडद्यावर काहीच उमटत नाही, टिंबसुद्धा नाही. बोटं चालतात आणि समोर सुतक. चौथ्या वेळी जमलं. ओळीच्या टोकाला डॉलरची खूण असते, तिची जाळी झाली, हॅश म्हणतात ती, म्हणजे मी रूट झालो. सातवी नापासाला घराची मालकी. मी ऍडयूजर मारलं.

यंत्र म्हणालं, कमांड नॉट फाउंड.

परत मारलं. परत तेच. एक अक्षर चुकलं असेल म्हणून एका बोटानं मारलं. नाही. मालक मी, आणि माझ्याच घरात माझी हत्यारं सापडत नाहीत. टेबलावर मूठ मारली तर तिचा पेनांचा डबा खाली पडला. तो अक्कानं वाटायचा राहिला होता. पेनं गोळा करायला वाकलो आणि तसाच खाली बसून राहिलो.

तीन दिवस नागपूरचा फोन बंद. तीन दिवस मी दिवसातून चारदा रूट व्हायचो, तेच मारायचो, तेच ऐकायचो. वहीत एक पान होतं, वर लिहिलेलं, "तुमच्यासाठी." त्याच्या पुढं मी वाचलं नव्हतं. तिचं अक्षर वाचवत नव्हतं. पासवर्डाचं पान शेवटचं होतं म्हणून तेवढंच बघायचो, बाकी वही अंगठ्यानं दाबून.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. आईचं ऑपरेशन झालं होतं. मी आधी तिची चौकशी केली, एवढी माणुसकी शिल्लक होती.

"काय करून राहिले तुम्ही? कसे झाले रूट? मला अक्षर अक्षर सांगा."

"एस. यू. एंटर."

"अन् आडवी रेघ?"

"कसली रेघ? तू मारली नव्हतीस."

"मारली होती अण्णा. तुम्ही मागून पाहत होते, माझं बोट नाही दिसलं. एस यू, मग जागा, मग आडवी रेघ. रेघ नाही मारली तर तुम्ही रूट होता, पण सगळी व्यवस्था तुमचीच राहते. तुमच्या खात्याला ज्या जागा ठाऊक आहेत, तेवढ्याच जागी यंत्र हत्यारं शोधतं. मालकाची हत्यारं मालकाच्या कपाटात. ते कपाट तुमच्या यादीतच नाही. रेघ मारली की रूटचं सगळं वातावरण येतं, त्याची यादी, त्याचं घर, सगळं."

"म्हणजे वर कोट, खाली लुंगी," मी म्हटलं.

"काय?"

त्याला सांगितलं. आमच्या दुकानात अफसरांचे कोट व्हायचे. खांद्यावर कसा बसतो ते बघायला मालक तो मलाच घालायचे, माझे खांदे सरळ म्हणून. एकदा मी असा उभा, कोटावर तारे लावलेले, तोंडात टाचण्या. काउंटरच्या पलीकडून एक जवान आला आणि खाडकन सलाम ठोकला. मीही ठोकला. मग तो काउंटरच्या बाजूनं आत आला आणि त्याला खाली माझी पट्टेरी लुंगी दिसली. त्यानं मला ज्या शिव्या दिल्या त्या मी इथं लिहीत नाही. खिशात हात घातला तर खडू. कोट अफसराचा, खिशातला माल माझा. तो जवान मला सलाम करून पस्तावला तसंच हे यंत्र.

नागपूर दवाखान्यात मोठ्यानं हसला, कुणीतरी त्याला गप्प केलं. "बस, हेच. आता पूर्ण वर्दी घाला."

घातली. एस यू, जागा, रेघ. पासवर्ड. ऍडयूजर, नंबर एक हजार, आणि पुढं नाव.

इथं माझा हात थांबला. आमच्या पिढीत बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नवराही घेत नाही, हे कुणी सांगत नाही. मी तिला "अगं", "ऐकलंस का", नाहीतर नुसतं खाकरायचो. चाळीस वर्षांत तिला तोंडावर नावानं हाक मारली नाही. आणि आता यंत्र म्हणतंय नाव सांग.

"अण्णा? आहात का?"

"आहे."

"नाव कोणतंही द्या तुम्ही. ताईंचं घर, म्हणजे फाइलींची जागा, नंबरावर आहे."

मी आधी तिचं घर कुठं आहे ते बघितलं. त्यानं सांगितलं तशी यादी काढली. तिच्या फाइलींच्या दारावर तिचं नाव होतं, पण मालकाच्या रकान्यात, माझ्या ओळीत जिथं माझं नाव, तिथं तिच्या ओळीत नुसतं एक हजार. नाव काढलं की माणूस नंबर होतो. मी दारावरचं नाव बघत बघत, एकेक अक्षर, तेच मारलं. तोंडानंही म्हटलं. यंत्र म्हणालं, हे घर आधीपासूनच आहे, याला हात लावत नाही. म्हटलं, लावू नकोस.

"आता ताईंच्या खात्यात जा," नागपूर म्हणाला. "एस यू, रेघ, ताईंचं नाव. रूटला पासवर्ड विचारत नाही कुणी."

रेघ विसरलो नाही. एंटर मारला आणि खिडकीचा रंग बदलला. तिची ओळ हिरवी असायची, ती हिरवी झाली. आणि वर एक वाक्य आलं, मराठीत, तिनं स्वतःसाठी लिहून ठेवलेलं, ती आत आली की रोज दिसायचं ते. "आधी गॅस बघ."

ती टायपिंगला बसली की दूध उतू जायचं. मी ओरडायचो. हा त्यावर तिनं केलेला इलाज, मला न सांगता. मी उठलो आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅस बघितला. बंद होता. तरी बघितला. परत येईपर्यंत नागपूर फोनवर हॅलो हॅलो करत होता.

सहाची वेळ परत लिहायची होती. तो म्हणाला सांगतो, मी म्हटलं थांब. वहीचं "तुमच्यासाठी" पान उघडलं. पहिलीच ओळ, मोठं खातं उघडायचं कसं, आणि रेघेखाली दोनदा रेघ. "ही विसरणार तुम्ही." त्याखाली सहाच्या वेळेची ओळ, जशीच्या तशी उतरवायची. सगळ्यात खाली, "काम झालं की बाहेर या. मोठ्या खात्यात बसून राहू नका." तीन दिवस मी नागपूरच्या फोनची वाट बघत होतो आणि उत्तर माझ्या अंगठ्याखाली होतं. ओळ उतरवली. बाहेर आलो, दोन्ही दारांतून.

आवाज वाजवून बघितला नाही. नागपूर म्हणाला बघा, मी नाही म्हटलं. ती सहाला बोलते, दुपारी चारला नाही.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले. काही नाही. मी गोळी हातात धरून बसलो होतो, ती घामानं विरघळायला लागली. साडेसहाला त्या माणसाला झोपेतून उठवलं. तो बिचारा आईच्या खाटेखाली झोपला होता. खूप वेळ हं हं करून म्हणाला, "अरे हो. नव्या खात्याला आवाज काढायची परवानगी नसते. जुन्या ताईंना होती. द्यावी लागेल." परत पूर्ण वर्दी, परत एक ओळ, परत बाहेर. मी म्हटलं, "चाळीस वर्षं तिनं माझी परवानगी घेतली नाही, आणि आता बोलायला पाहिजे?" तो म्हणाला, "अण्णा, झोपू द्या ना बाप्पा."

तो अख्खा दिवस मी चालत काढला. अक्काचा फोन आला, तिला सांगून टाकलं की नाव परत घातलंय. ती म्हणाली, "पाय अडकेल तिचा." मी म्हटलं, "अडकू दे थोडा. रीत तू सगळी केलीस, मी एक शब्द बोललो नाही. हे माझं." ती म्हणाली, "गोळी घेतोस का?" मी म्हटलं, "उद्यापासून."

मग ती सकाळ. साडेपाचपासून बसलो होतो, पाण्याचा पेला, नवी गोळी. पडद्यावर दोन नावं, वर तिचं. सहा.

"उठा. आधी गोळी, मग चहा. गोळी डब्यात आहे, डबा असतो तिथंच आहे."

शिट्टी.

"सरी सरी, बंदे."

येते असं ती फुलवालीला म्हणाली, मला नाही. एवढं मला कळतं. मी गोळी गिळली, वर पाणी प्यायलो, आणि मग गॅस पेटवला. चहा उकळेपर्यंत तिथंच उभा राहिलो.